परदेशातून पहिलं बोलावणं आलंय, जाऊ का थांबू? (ख्याल गायन)

गंधार_सांगली

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबलंय तर सांभाळून घ्या.

मी २४ वर्षांची, मूळची सांगलीची, गेली सात वर्षं पुण्यात गुरुजींकडे ख्याल शिकतेय. केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठी महिना पाच हजारांची शिष्यवृत्ती असते ना, ती दोन वर्षं होती, आता संपली. आकाशवाणीची बी हाय श्रेणी (कलाकारांची प्रत ठरवतात ती) मिळालीय. वर्षाला पंधरा-वीस कार्यक्रम होतात, बरेचसे दिवाळी पहाट, नवरात्र, कुणाच्या तरी स्मृतिदिनाची सभा, असे.

आता अमेरिकेतल्या एका ओळखीच्या काकांनी बोलावलंय. मे-जूनमध्ये सहा आठवडे, आठ कार्यक्रम, दोन मंडळं, एक देऊळ आणि बाकी लोकांच्या घरी. तिकीट त्यांचं, राहणं-खाणं त्यांचं, मानधन 'तिथे आल्यावर बघू'. आणि व्हिसाचं म्हणाले की टुरिस्टवर ये, सगळे तसेच येतात, विचारलं तर नातेवाइकांकडे चाललेय म्हणून सांग.

आई-बाबा खूश आहेत. गुरुजींना सांगितलं तर ते तानपुऱ्याची जवार लावत होते, ते काम थांबवलं नाही, फक्त 'तुझं तू ठरव' म्हणाले आणि मला त्या आवाजावरून काहीच कळलं नाही. माझ्याच वयाची मुलं-मुली रोज नवीन शहरातून फोटो टाकतात, आज टोरांटो उद्या बर्लिन, ऋषभ शर्माच्या सतारीला तर हॉलच्या हॉल भरतात, ते बघून खरंच आनंद होतो पण रात्री झोपताना वाटतं आपण मागे पडतोय. परदेशात नियमित गायचं असेल तर सुरुवात नक्की कशी करतात? हे बोलावणं घ्यावं का? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा.

---

लयवेडा

गंधार, आधी व्हिसाचं. टुरिस्ट व्हिसावर गाऊ नकोस. एकदाही नाही. 'सगळे तसेच येतात' हे वाक्य मीही ऐकलं होतं, आणि माझ्याबरोबरच्या एका गायकाला विमानतळावर बाजूला घेतलं, फोन उघडायला लावला, आणि कार्यक्रमाचं पोस्टर फेसबुकवर होतं, तिकिटाच्या दरासकट. त्याच रात्रीच्या विमानानं परत. आता तो कुठल्याही देशाचा फॉर्म भरतो तेव्हा 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला होता का' या रकान्यात त्याला हो लिहावं लागतं, आणि बोलावणारे काका मजेत आहेत, त्यांचं काहीच गेलं नाही.

मी तबला वाजवतो, साथीला, दहा-अकरा वर्षं बाहेर जातोय. पहिल्या दौऱ्यात मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते तुला सांगतो. तिथे कार्यक्रम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार. सहा आठवडे म्हणजे सहा वीकेंड. सोमवार ते गुरुवार तू कुणाच्या तरी घरी एकटी, ते लोक ऑफिसला, मुलं शाळेत, बाहेर चालत जाण्यासारखं काही नाही. पहिल्या वेळी मी ते दिवस झोपून आणि कपडे धुऊन काढले. दुसऱ्या वेळी आधीच गावोगावच्या तबला क्लासवाल्यांना मेल टाकले, की मी आठवडाभर आहे, मुलांना दोन दिवस शिकवू का. त्यातून जे पैसे आले ते तर आलेच पण पुढच्या वर्षीचं बोलावणं त्या क्लासमधल्या पालकांनी दिलं, कार्यक्रमाच्या आयोजकांनी नाही. त्यामुळे मी आता कुठे किती कार्यक्रम झाले ते मोजत नाही, परत कुणी बोलावलं तेवढं बघतो.

आणि वाद्यांचं. तू गाणारी, तुला वाटेल मला काय करायचंय, पण साथीदाराचं दुखणं तुझंच असतं. नोव्हेंबरमध्ये मिनियापोलिसला एका बाईंच्या साथीला होतो, बाहेर बर्फ, आत हीटर सोडलेला, हवा इतकी कोरडी की पुडी (तबल्यावरचं कातडं) ताणायला लागली आणि काळी चारला लावलेला तबला मध्यंतरापर्यंत पांढरी सहाकडे, म्हणजे अर्धा सूर वर, सरकला. मी दर दोन आवर्तनांनी गठ्ठे (सूर लावायचे लाकडी ठोकळे) खाली-वर करतोय, त्या डोळे मिटून षड्ज धरून बसल्यात, त्यांच्या कपाळावर आठी. शेवटी त्यांनी विलंबित (संथ लयीतला ख्याल) थांबवला, लोकांना सांगितलं दोन मिनिटं द्या, आणि मला शांतपणे लावू दिला. त्या दिवसापासून मी दोन तबले नेतो, आणि हॉलवाल्याला आधीच सांगतो की हीटर कार्यक्रमाच्या दोन तास आधीपासून एकसारखा ठेवा, मध्येच कमी-जास्त करू नका. हातोडी चेक-इनमध्ये टाकायला सांग साथीदाराला, केबिनमध्ये काढून घेतात.

---

बैठक_बोस्टन

मी आयोजकांच्या बाजूनं लिहितो. पंधरा वर्षं घरच्या बैठका करतोय, आमच्या दिवाणखान्यात साठ माणसं बसतात, सोफे गॅरेजमध्ये जातात.

योग्य रस्ता म्हणजे पी-३ व्हिसा, तो पारंपरिक कला सादर करणाऱ्यांसाठीच आहे. ओ-१ पण असतो, पण त्याला मोठे पुरस्कार, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय नाव असं सगळं दाखवावं लागतं, तुझ्या वयाला पी-३ बरा. यात अर्ज तू करत नाहीस, अमेरिकेतली संस्था किंवा एजंट करतो. सगळ्या कार्यक्रमांच्या तारखा-ठिकाणं, करार, संगीतकारांच्या युनियनचं पत्र आणि तुझी कला खरोखर परंपरेतली आहे हे सांगणारी जाणकारांची पत्रं लागतात. ते मंजूर झालं की मग तू मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला जाशील. अर्जाची फी २०२४ च्या एप्रिलमध्ये वाढली, ४६० डॉलरची १,०१५ झाली, छोट्या आणि ना-नफा संस्थांना ५१०. त्यावर आणखी एक फी असते, ना-नफा संस्थांना ती माफ आहे. घाईत करायचं असेल तर जवळजवळ तीन हजार डॉलर वेगळे, आणि वकील घेतला तर त्याचे अजून.

आता हिशेब बघ. अशा आठ छोट्या कार्यक्रमांसाठी एकटा माणूस हे करणार नाही, म्हणूनच काका 'टुरिस्टवर ये' म्हणतात. ते वाईट असतीलच असं नाही, बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं. पण चार-पाच गावच्या संस्था एकत्र आल्या तर एकाच अर्जात सगळे कार्यक्रम बसतात आणि खर्च वाटला जातो. आम्ही तसंच करतो. त्यासाठी आम्हाला वर्षभर आधी सांगावं लागतं, फेब्रुवारीत फोन करून मे म्हटलं तर काही होत नाही. शिवाय अनिवासी कलाकाराच्या मानधनातून साधारण ३० टक्के कर आधीच कापला जातो, म्हणून 'आल्यावर बघू' चालणारच नाही, कागदावर आकडा पाहिजे.

आणि एक, कुणाच्याही घरी राहणार असशील तर आधी त्या घरातल्या बाईंशी स्वतः फोनवर बोल. माझी बायको हे प्रत्येक मुलीला सांगते. मुली एकट्या येतात, आठवडा आठवडा राहतात, कुणाच्या घरी चाललोय ते माहीत नको का?

---

जुना_श्रोता_दादर

बाळ गंधार, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी कलाकार नाही, पण साठ वर्षं मैफली ऐकतोय.

सरोदवादक अली अकबर खाँसाहेब १९५५ साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या बोलावण्यावरून पहिल्यांदा अमेरिकेत गेले. ते तिथे रुजले कधी, तर १९६७ ला कॅलिफोर्नियात कॉलेज काढून शिकवायला बसले तेव्हा. तबल्याचे झाकीरभाई (झाकीर हुसेन) १९७० ला गेले, विशीसुद्धा पुरी नव्हती, आणि गेल्या गेल्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवायला लागले, मग खाँसाहेबांच्या कॉलेजात. हरिजींनी (हरिप्रसाद चौरसिया) नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात वर्षानुवर्षं बासरी शिकवली. या मोठ्या लोकांनी नुसते कार्यक्रम केले नाहीत, त्यांनी तिकडे कान तयार केले, आणि ते शिष्य पुढे श्रोते झाले, आयोजक झाले. वर लयवेडा यांनी क्लासचं जे लिहिलंय ते तेच आहे.

मला काळजी दुसरीच वाटते. सहा आठवडे त्याच त्याच अर्ध्या तासाच्या चिजा गाऊन आवाज आणि विचार दोन्ही पातळ होतात. मी एका गुणी मुलाला दोन दौऱ्यांनंतर ऐकलं, विलंबितात सुरुवातीलाच तान आली. टाळ्या कुठे पडतात ते त्याला कळलं होतं. गुरुजी गप्प का राहिले याचं उत्तर कदाचित इथे असेल.

आणि मंडळात नाट्यगीतं नि अभंगच मागतील, त्यात वाहवत जाऊ नकोस.

---

मृद्गंध

काका, शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही हं, राग मानू नका. मी टेक्ससमध्ये राहते, मंडळात वीस वर्षं आहे. आमच्याकडे एका मुलीनं पाऊण तास बागेश्री गायला आणि मग अभंग घेतला, तर माझा इथे जन्मलेला मुलगा, ज्याला मराठी तोडकंमोडकं येतं, तो अभंगावर मान हलवत होता आणि घरी येताना गाडीत विचारत होता की ते आधीचं लांब लांब काय होतं, त्यात ती एकाच सुरावर एवढा वेळ का थांबली होती. तो आज हार्मोनियम शिकतोय. अभंगानं दार उघडलं म्हणून तो बागेश्रीपर्यंत गेला. मंडळवाल्यांना काही कळत नाही असं धरून लोक येतात आणि मग खरंच कमी गातात, ते आम्हाला कळतं.

गंधार, आधी राग गा, पूर्ण गा, मग अभंग गा, पण तोही तेवढ्याच मनापासून.

---

हॅमरस्मिथची_संध्याकाळ

इंग्लंडचं सांगते, कारण पुढे-मागे लागेल. इथे कलाकाराला ठरलेल्या कार्यक्रमासाठी, मानधन घेऊन, व्हिजिटर व्हिसावरच येता येतं, पण इथल्या संस्थेचं पत्र आधी हवं, अर्जात ते स्पष्ट लिहायला हवं आणि ते काम आल्यापासून एका महिन्यात व्हायला हवं. म्हणजे खरं सांगून सरळ रस्त्यानं येता येतं. युरोपात शेंगेन (बऱ्याच देशांचा मिळून एक) व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण मानधन घेऊन गाण्याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे, ते त्या त्या आयोजकाकडून लेखी घ्यायचे.

मी एका छोट्या संस्थेसाठी कलाकार निवडायला मदत करते. आम्हाला रोज रील येतात, साठ सेकंदांची तान, मागे धूर, दिवे. त्यावरून आम्हाला काहीच ठरवता येत नाही. आम्हाला हवं असतं एक सलग चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, एका बैठकीतलं, न कापलेलं, तानपुरा नीट ऐकू येतोय असं. घरी फोनवर केलेलं चालतं. एका मुलीनं पाठवलेल्यात मागे कुकरची शिट्टी होती, ती थांबेपर्यंत ती पंचमावर थांबली आणि तिथूनच पुढे गेली. आम्ही तिला बोलावलं.

रागांचा विचार पण आधीच कर. इथे कार्यक्रम संध्याकाळीच असतात, त्यामुळे तोडी, ललत, भैरव हे सकाळचे राग तयार असून उपयोग होत नाही. लंडनच्या दरबार फेस्टिव्हलसारख्या ठिकाणी सकाळची सत्रं झालीत, न्यूयॉर्कला छंदायन ही संस्था रात्रभराची मैफल करते, पण ते अपवाद. आणि जूनमध्ये इथे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. साडेसातला पडद्याच्या फटीतून लख्ख ऊन येत असताना पूरिया धनाश्री (सूर्यास्ताच्या वेळचा राग) सुरू करायची म्हणजे संधिप्रकाश तुलाच तयार करावा लागतो. मी ते एकदाच नीट होताना ऐकलंय, लोक बाहेर आले आणि अजून उजेड कसा म्हणून एकमेकांकडे बघत होते.

---

गंधार_सांगली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, प्रत्येकाचं दोन-दोनदा वाचलं, आईलाही वाचून दाखवलं.

काय झालं ते सांगते. काल काकांना फोन केला, म्हटलं टुरिस्ट व्हिसावर येणार नाही, पी-३ नं बोलवत असाल तर पुढच्या वर्षी नक्की येईन, आणि मानधनाचा आकडा आधी लिहून द्या. भीती वाटत होती की रागावतील. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले खर्च एवढा असतो हे माहीत नव्हतं, आजूबाजूच्या दोन-तीन मंडळांशी बोलतो. बघू. बैठक_बोस्टन दादा, तुम्हाला मेसेज टाकलाय, काकांना तुमच्याशी बोलायला सांगू का?

मृद्गंध ताई, तुमच्या मुलाला सांगा की मी त्याच्यासाठी बागेश्री गाणारे.

आणि आज सकाळी गुरुजींना सांगितलं की या वर्षी जात नाहीये. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं तुला? मी म्हटलं बऱ्याच जणांनी. मग म्हणाले, 'तुझा मारवा अजून कच्चा आहे, निषाद घाई करतो.' रोज सहाला ये म्हणालेत. हॅमरस्मिथ ताई, तो राग जरा धरायला लागला की चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग तुम्हाला पाठवते, आमच्या घराशेजारी बांधकाम चालू आहे, ग्राइंडरचा आवाज येईल, चालेल ना?

---

हॅमरस्मिथची_संध्याकाळ

चालेल गं. फक्त मध्येच थांबून परत पहिल्यापासून करू नकोस, जे होईल ते तसंच पाठव. पुढच्या हिवाळ्यासाठीची निवड आम्ही मार्चमध्ये करतो.