हत्तीचा पुतळा उभारून हत्ती वाचतो का?

डोंगरवाट (धागाकर्ते)

नीलगिरीत गुडलूरच्या आसपास राहणारे बेट्टकुरुंब, पणिया, काट्टुनायकन, सोलिगा अशा आदिवासी समाजांतले सुमारे दोनशे कारागीर घाणेरीच्या काठ्यांचे हत्ती बनवतात. अगदी पूर्णाकृती. घाणेरी, म्हणजे टणटणी, सगळ्यांच्या ओळखीची आहे. ब्रिटिशांनी बागेत शोभेला म्हणून आणली आणि ती रानभर माजली. तिच्याखाली गवत उगवत नाही, त्यामुळे चरणाऱ्या जनावरांचे हाल होतात. देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी सुमारे 40 टक्के क्षेत्रात ती पसरल्याचा एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

हे लोक घाणेरी तोडतात, काठ्या उकळून साल काढतात आणि लोखंडी सांगाड्यावर वाकवून ठोकतात. प्रत्येक हत्ती त्या भागात फिरणाऱ्या एखाद्या खऱ्या हत्तीवर बेतलेला असतो. 2021 मध्ये हा कळप लंडनच्या बागांत उभा होता, 2024 च्या सुरुवातीला बंगळूरच्या लालबागेत, आणि त्याच वर्षी शंभर हत्ती अमेरिकेला गेले: न्यूपोर्ट, न्यूयॉर्क, मायामी आणि पुढे.

मला हा प्रकार मनापासून पटलाय. लंडनमध्येच 2010 साली अडीचशेहून जास्त रंगवलेले हत्ती रस्तोरस्ती मांडले होते आणि लिलावात चाळीस लाख पौंडांवर रक्कम जमली होती. चांगली गोष्ट आहे, पण तिथे हत्तीऐवजी बदक असतं तरी कोणाचं काही अडलं नसतं. इथे पुतळा घडवतानाच रानातलं तण कमी होतं आणि मजुरी हत्तीच्या शेजाऱ्याच्या हातात पडते. असं काहीतरी महाराष्ट्रात व्हायला हवं. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासहित लिहा.

कॉटनग्रीन

आपल्याकडे पुतळ्यांची कमतरता आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?

तिलारीकर

डोंगरवाट, राग मानू नका, पण तुमका हत्ती बघूक मज्या वाटता, आमच्या पोफळीत येवन बघा.

माझी बागायत दोडामार्ग तालुक्यात आहे. कर्नाटकातून हत्ती आमच्याकडे यायला लागले त्याला वीस वर्षं उलटून गेली. हत्ती माड कसा खातो माहीत आहे? कपाळ लावून ढकलतो. माड आडवा झाला की शेंड्याचा कोवळा गाभा तेवढा ओढून काढतो, बाकीचं झाड तसंच टाकून पुढच्याकडे वळतो. एका रात्रीत रांग आडवी. नवा माड लावला तर नारळ धरायला सहा-सात वर्षं. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पावसाने पायाचे ठसे धुऊन निघतात, मग 'हत्तीच कशावरून' असा प्रश्न. 2015 मध्ये सिंधुदुर्गात हत्ती पकडले, त्यातले काही बंदिवासातच मेले. ना हत्तीचं भलं झालं, ना आमचं. 2025 मध्ये मोर्ले गावात माणूस गेला.

जागृती आम्हाला पुरेशी आहे. सगळा गाव रात्रभर जागा असतो.

जर्सीकर

हे हत्ती मी न्यूयॉर्कमध्ये पाहिले, 2024 च्या सप्टेंबरमध्ये, मीटपॅकिंग भागात. महागड्या दुकानांच्या मधला तो दगडी चौक, आणि कळप उभा. दोर नाही, 'हात लावू नका' नाही. जवळून पाहिलं तर काठ्यांचा वळसा पोटावर वेगळा आणि पायावर वेगळा, कानाच्या कडेला अगदी बारीक डहाळ्या. पोरं पोटाखालून पलीकडे जात होती.

त्या गर्दीतल्या किती जणांना गुडलूर कुठे आहे ते कळलं असेल? फारच थोड्या. पण हत्ती विक्रीला होते: पिल्लू आठ हजार डॉलरच्या आसपास आणि मोठा टस्कर बावीस हजारांपर्यंत. तो पैसा माणूस आणि वन्यप्राणी यांच्या सहजीवनाच्या कामाला जातो असं सांगतात. तिलारीकरांनी 'आम्हाला काय उपयोग' असं विचारलं तर उत्तर त्या पैशात आहे, जागृतीत नाही.

एक खटकलं ते सांगतो. शंभर हत्ती भारतातून जहाजाने आणायचे आणि मग अमेरिकाभर ट्रकने फिरवायचे, यात जे इंधन जळलं त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

चंद्रपुरी

आमच्याकडे या, चौकात वाघ, गेटवर वाघ, रिसॉर्टच्या दारात वाघ. सगळे फायबरचे. उन्हाने रंग उडाला की वाघाचा पार लांडगा होतो. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. त्यांच्या घरच्यांना त्या चौकातल्या वाघाकडे बघून काय वाटत असेल याचा विचार पुतळा बसवणाऱ्याने केला असेल का? तो पुतळा सफारीच्या पाहुण्यांसाठी आहे, आमच्यासाठी नाही.

डोंगरवाटांची कल्पना वाईट नाही, पण आमच्याकडे ती ठेकेदाराच्या हातात जाणार. निविदा, फायबर, उद्घाटन, फीत. घाणेरी आहे तिथेच राहील.

डोंगरवाट

म्हणूनच फायबर नको म्हणतोय ना! ठेकेदाराला पुतळा विकत घेता येईल, पण घाणेरी तोडणारे, हत्ती ओळखणारे दोनशे हात कुठून आणेल?

चंद्रपुरी

आणेल हो. कागदावर चारशे आणेल.

माळावरचा

चर्चा हत्ती आणि वाघाभोवतीच फिरतेय, यातच माझा मुद्दा आला. देशात रानटी हत्ती बावीस हजारांच्या वर आहेत. 2025 मध्ये जाहीर झालेल्या डीएनए-आधारित गणनेचा अंदाज 22,446 आहे. माळढोक दीडशेसुद्धा उरलेला नाही. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आता तिथे एखादा दिसला तर बातमी होते.

माळढोकाचा पुतळा कोण करणार? लांबून पाहिला तर टाचा उंचावलेल्या कोंबडीसारखा दिसतो. सोंड नाही, पट्टे नाहीत. आणि केला तरी त्याने काय होणार? पक्षी जड, डोळे बाजूला, त्यामुळे उडताना समोरची विजेची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी चटकन वळता येत नाही. राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखाली न्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये दिला आणि मार्च 2024 मध्ये तो सैल करून समिती नेमली. झगडा तिथे आहे. ब्राँझचा माळढोक त्या तारा खाली घालणार नाही.

गिधाडांचंही तसंच. केरळात चडयमंगलमला दोनशे फूट लांब जटायू पसरलाय, 2018 पासून लोक रोपवेने बघायला जातात. (तो पौराणिक आहे, संवर्धनासाठी उभारलेला नाही, हे माहीत आहे.) गिधाडं मेली डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन. जनावरांसाठी त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली ती पाठपुराव्यामुळे, कोणत्या शिल्पामुळे नाही.

मृद्गंध

मी शिल्पकलेतला माणूस, तेव्हा बाजू घेणार हे उघड आहे. तरी आधी विरोधकांना एक दाखला देतो. मार्च 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या ॲस्टर प्लेसला उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांचं मोठं ब्राँझ शिल्प उभं राहिलं. जगात उरलेले तीन गेंडे, एकावर एक रचलेले: सुदान, नाजिन आणि फातू. काही दिवसांतच, 19 मार्चला, केनियात सुदान गेला. उरल्या मायलेकी. म्हणजे शिल्प पोहोचलं तेव्हा खेळ संपलेला होता. शिवाय ती रचना मला सर्कशीची वाटते. तीन जिवंत प्राण्यांचा निरोप असा मनोरा रचून घेतात का?

नीलगिरीचे हत्ती मला आवडतात ते त्यांत उपदेश नाही म्हणून. कारागिराने त्या हत्तिणीला येता-जाता पाहिलेलं असतं, तिची पाठ कुठे खचलीय ते त्याला ठाऊक असतं. फोटोवरून काम करणारा ते आणू शकत नाही. आमच्याकडचे चौकातले वाघ बघा, निम्म्यांचे पुढचे पाय कुत्र्याचे असतात.

माळावरचा यांना: पुतळा तारा खाली घालणार नाही, बरोबर. पण नान्नजच्या पोरांनी माळढोक पाहिलाच नसेल तर उद्या तारांसाठी भांडणार कोण? एक तरी पूर्णाकृती माळढोक शाळेच्या आवारात असू द्या. मीटरभर उंचीचा पक्षी आहे, खर्च किती येणार?

माळावरचा

शाळेच्या आवारात चालेल. हायवेवर, नेत्याच्या नावाच्या पाटीसकट, नको.

कॉटनग्रीन

म्हणजे पुतळा हवा, फक्त लहान हवा. ही तडजोड मला मान्य. मुंबईत मात्र आणू नका, इथे आधीच फुटपाथ नाहीत.

तिलारीकर

जर्सीकरांचा मुद्दा वाचला. पिल्लाचे आठ हजार डॉलर, म्हणजे सहा-सात लाख रुपये. त्यातले किती गुडलूरच्या बागायतदाराला पोचतात हे कोणी सांगू शकेल का? हत्ती बनवणाऱ्याला मजुरी मिळते हे चांगलंच. पण ज्याची केळी गेली तो आणि काठ्या वाकवणारा तो, एकच माणूस असेल असं नाही.

डोंगरवाट

हा प्रश्न रास्त आहे. पण कारागीर त्याच गावांत राहतात, हत्ती त्यांच्याही दारावरून जातो. तुमच्याकडे करायचं झालं तर तालुक्यातल्याच, नुकसान सोसलेल्या घरांतली माणसं कामाला घ्यायची आणि विक्रीतला ठरावीक वाटा नुकसानभरपाईच्या निधीत टाकायचा. सरकारी भरपाई यायची तेव्हा येऊ दे, त्यातून निदान लगेच हातात काही पडेल. घाणेरी तिलारीत आहेच.

मृद्गंध

आहे, पण कोकणच्या पावसात उघड्यावर ती काठी किती टिकेल याची मला खात्री नाही. तिथे छपराखाली ठेवावे लागतील, किंवा बनवायचे तिथे आणि उभे करायचे कोल्हापूर-पुण्याकडे.

तिलारीकर

पुण्याकडेच न्या. आमच्याकडे खरे आहेत. निधीचं मात्र लेखी द्या, ग्रामसभेत वाचून दाखवतो. लोक काय म्हणतात ते इथे येऊन लिहीन.