मदत हवी आहे : ट्रान्स पुरुष आणि नॉन-बायनरी पेशंटच्या गर्भपातासाठी दवाखान्यात काय काय बदलावं?

नमस्कार मंडळी. मी पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी एका खासगी प्रसूतिगृहात सिस्टर आहे. आमच्याकडे गर्भपात केंद्राची मान्यता आहे. अलीकडे एक ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले, पण पुरुष म्हणून जगणारे) आमच्याकडे गर्भपातासाठी आले होते. त्यानंतर आमच्या डॉक्टर मॅडमनी कामाची पद्धत नव्याने लावायचं काम माझ्याकडे दिलंय. डॉक्टर, सिस्टर, समुपदेशक आणि स्वतः यातून गेलेली माणसं, सगळ्यांनी सांगावं.

आधी कायद्याचं सांगते, कारण स्टाफचा पहिला प्रश्न तोच होता. एमटीपी म्हणजे गर्भपाताच्या कायद्यात 'स्त्री' लिहिलंय, मग यांचं करता येतं का? येतं. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की सुरक्षित गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या इतर लिंगओळखीच्या व्यक्तीही या शब्दात धरल्या आहेत. 2024 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने 'गर्भवती व्यक्ती' असाच उल्लेख केला आणि ट्रान्स पुरुषांना, नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) लोकांनाही दिवस राहू शकतात हे नोंदवलं. बाकी नियम सगळ्यांना सारखेच. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. 18 पूर्ण असतील तर संमती फक्त पेशंटची, नवऱ्याची किंवा घरच्यांची सही लागत नाही.

आमचं अडतं ते कागदावर आणि बाकड्यावर.

संमतीच्या फॉर्म सी मध्ये नावापुढे 'डॉटर/वाइफ ऑफ' असं छापलेलंय. भरतीच्या रजिस्टरलाही तोच रकाना. आधारवर बहुतेकांचं जुनंच नाव असतं, म्हणून कायद्याच्या कागदांवर ते आणि केसपेपरच्या माथ्यावर हाक मारायचं नाव, असं आम्ही ठरवतोय. पण 'डॉटर/वाइफ ऑफ' खोडून नुसतं पालकाचं नाव लिहिलं, तर तपासणीला येणारे हरकत घेतात का? कोणी असं केलं असेल तर नक्की कळवा.

आता बाकड्याचं. आमच्या ओपीडीत भिंतभर बाळांची पोस्टरं, बाकड्यांवर पोटुशा बायका. ते पेशंट दाढी राखलेले, मित्राबरोबर आलेले. आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या सेंटरवर सोनोग्राफीला नंबर लागला तेव्हा काय झालं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. तिथल्या मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही कुठं आत? बायकोला पाठवा." ते तसेच जिना उतरून गेले आणि पुढचे दोन आठवडे कुठेच गेले नाहीत. गर्भपातात दोन आठवडे म्हणजे किती, हे इथल्या सिस्टरांना सांगायला नको. नऊ आठवड्यांच्या आत गोळ्यांवर भागलं असतं, ते पुढे गेलं की पिशवी साफ करण्यावर येतं.

उशीर आधीच झालेला असतो, हेही लक्षात घ्या. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन चालू असलं की बहुतेकांची पाळी बंद होते, त्यामुळे 'पाळी चुकली' हा इशाराच मिळत नाही. पाळी बंद म्हणजे दिवस राहणार नाहीत असा समजही पक्का असतो, आणि तो चुकीचा आहे. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. म्हणून आमच्या केसपेपरवरचा 'शेवटची पाळी' हा पहिला प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो, आठवडे सोनोग्राफीवरूनच धरावे लागतात. या हार्मोनने योनीमार्ग कोरडा, नाजूक होतो आणि आतून तपासणी फार दुखते. मॅडम शक्य तिथे भरल्या मूत्राशयावर पोटावरूनच सोनोग्राफी करायला सांगतात. आतून तपासावंच लागलं तर लहान स्पेक्युलम, भरपूर जेली, आणि 'थांबा' म्हटलं की थांबायचं.

नंतरच्या गर्भनिरोधकाबद्दल खास विचारायचंय. तांबी बसवणं अनेकांना नको वाटतं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांना तुम्ही अंतरा इंजेक्शन देता का? त्यांचा अनुभव कसा आहे? आणि गर्भपाताच्या दिवसांत टेस्टोस्टेरॉनबद्दल काय सल्ला देता?

स्टाफला मी सध्या एवढंच सांगितलंय, की ताई, वहिनी, मॅडम काही न लावता 'तुम्ही' म्हणायचं, हाक टोकन नंबरने मारायची, आणि दिवस कसे राहिले याची चौकशी उपचाराला लागेल तेवढीच, तीही बंद दाराआड. पेशंटची ओळख बाहेर फोडली तर कायद्याने वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, हेही सगळ्यांच्या कानावर घातलंय. मामा-मावशींना हे नीट बसून शिकवायचं तर आपल्या भाषेतलं साहित्य लागेल. कुठल्या संस्थेने किंवा दवाखान्याने मराठीत असं प्रशिक्षण घेतलंय का? तसं काही असेल तर सांगा, मी प्रवास करून यायला तयार आहे.

ट्रान्स आणि नॉन-बायनरी वाचकांना विनंती, दवाखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत नेमकं कुठे जीव नकोसा होतो ते लिहा. इथे लिहायचं नसेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, नाव कुठेही येणार नाही. आणि 'पुरुषाला दिवस कसे जातील' हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर घाला. पुढच्या आठवड्यात आमची स्टाफ मीटिंग आहे, त्याआधी जेवढं कळेल तेवढं हवंय.