बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते का? नाशिकच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

*सी-३०४:* मंडळी, सल्ला हवाय. माझी पेट्रोल गाडी सव्वा वर्षाची झाली, २० हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग आलीये. शोरूमच्या वर्कशॉपने फोनवर दहा-साडेदहा हजार सांगितले. पाथर्डी फाट्याचा आपला नेहमीचा गॅरेजवाला साडेचारमध्ये करतो म्हणतोय, ऑइल आणि फिल्टर माझ्यासमोर खोलून टाकणार. मी हे वर्कशॉपवाल्याला बोलले तर तो म्हणाला, "मॅडम, बाहेर एक बोल्ट जरी खोलला तरी वॉरंटी संपली." खरंच असं असतं का? वॉरंटी अजून पावणेदोन वर्षं आहे.

*बी-५०१:* ताई, वॉरंटीत असेपर्यंत बाहेर जाऊ नका. सगळी हिस्टरी कंपनीच्या सिस्टीममध्ये राहते. माझा फ्युएल पंप कोल्हापुरात गेला होता. तिथल्या वर्कशॉपने गाडीचा नंबर टाकला, सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर झालेल्या दिसल्या, एक रुपया न घेता पंप बदलून दिला. विकताना पण घेणारा पहिलं हेच विचारतो.

*ए-४०१:* अहो पण तिथे गाडीला हात कोण लावतं? नवीन आलेली पोरं. तुम्ही काचेपलीकडे चहा पीत बसायचं आणि संध्याकाळी बिल भरायचं. माझी गाडी कित्येक वर्षं अंबडच्या एकाच मिस्त्रीकडे आहे. आवाजावरून सांगतो काय झालंय ते. त्या माणसाला आपण "बाहेरचा" म्हणतो हेच मला पटत नाही.

*बी-५०१:* काका, तुमची गाडी वॉरंटीतून कधीच बाहेर पडलीये. प्रश्न नवीन गाडीचा आहे.

*ए-३०१:* माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदाच आहे म्हणे. आमच्याकडेच सर्व्हिसिंग करा, आमचेच पार्ट घ्या, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला घालता येत नाही.

*बी-२०३:* काका, तो कायदा त्यांचा. इथे त्याचा उपयोग नाही. पण आपल्याकडेही याच प्रश्नावर मोठा निकाल झालेला आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. मी ग्राहक आयोगात वकिली करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

२०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, एका ग्राहकाची तक्रार गेली. कार कंपन्या ओरिजिनल पार्ट आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, त्यामुळे गाडी कंपनीच्याच वर्कशॉपला न्यावी लागते, अशी तक्रार होती. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला. आपल्या कामाचा भाग त्याच्या निर्देशांमध्ये आहे. ग्राहक बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारा.

म्हणजे बाहेर ऑइल बदललं आणि पुढे पॉवर विंडोची मोटर गेली, तर ती नाकारायला काही आधार नाही. पण बाहेर चुकीचं ऑइल भरलं आणि इंजिन धरलं, तर कंपनी हात वर करणार आणि ते बरोबरच आहे.

कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचं प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात फिरलं, हेही सांगते. त्यामुळे निकालाची प्रिंट काउंटरवर ठेवली की काम झालं, असं नाही. तुमच्याकडे कागद हवेत.

*सी-३०४:* म्हणजे तो बोल्टवाला माणूस चुकीचं बोलला?

*बी-२०३:* चुकीचंच. त्याला मेसेज करा, "आपण फोनवर सांगितलेला वॉरंटीचा नियम कृपया ईमेलवर लेखी द्यावा." बघा काय उत्तर येतं ते. आणि त्याच ईमेलवर एस्टिमेटही मागा, एकेका कामाचं वेगळं.

*सेक्रेटरी:* मध्ये बोलतोय. टँकर ४ वाजता येतोय. सी विंगसमोर पांढरी गाडी लावलीये ती काढा, पाइप पोचत नाही.

*ए-१०२:* मी सातपूरला मायकोत आयुष्य काढलं, नंतर त्याचं बॉश झालं. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल हाताखालून गेलेत. सुईचं आणि बॉडीचं अंतर दोन-तीन मायक्रॉन. एवढ्या बारीक कामात ऑइल किंवा डिझेल कसलंही चालतं, असं म्हणणाऱ्याच्या हातात मी माझी गाडी देणार नाही. मग तो शोरूमचा असो की फाट्यावरचा.

ताई, गॅरेजवाल्याला एकच विचारा, ऑइल कुठल्या ग्रेडचं टाकणार? गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल आणि तो "सगळ्यांना हेच टाकतो" म्हणून ड्रममधलं २०डब्ल्यू-४० ओतणार असेल, तर साडेचार हजार महागच पडले. हल्लीच्या पेट्रोल इंजिनला पातळ ऑइल लागतं. तेलाच्या वाटा तशाच अरुंद ठेवलेल्या असतात.

डिझेलवाल्यांनी आणखी जपा. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) डिझेल गाडीला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी. त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. साधं टाकलं तर त्याची राख त्या जाळीत साठते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. डीपीएफ बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

*सी-३०४:* गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "पुस्तकाचा फोटो पाठवा, त्याच ग्रेडचा सीलबंद कॅन आणतो, कॅन तुम्ही घरी न्या." 🙏

*ए-४०१:* बघा! म्हणून म्हणतो माणूस ओळखा.

*सी-३०४:* आणि वर्कशॉपचं उत्तर आलं. नियमाबद्दल लिहिलंय, "असं लेखी देता येणार नाही, कृपया ओनर्स मॅन्युअल पाहावे." एस्टिमेट मात्र पाठवलं:

ऑइल, ऑइल फिल्टर, वॉशर — २,६५०
एअर फिल्टर — ४५०
एसीचा केबिन फिल्टर — ५५०
लेबर — २,१००
अलाइनमेंट, बॅलन्सिंग — १,१००
थ्रॉटल बॉडी क्लीनिंग — ९५०
इंजिन डीकार्बनायझिंग — १,६५०
एसी डिसइन्फेक्टंट — ९००
कन्झ्युमेबल्स — २५०
एकूण १०,६००

*ए-१०२:* आता पुस्तकाचं मागचं पान काढा, मेंटेनन्स शेड्यूल म्हणून तक्ता असतो. २० हजारांच्या खाली काय लिहिलंय?

*सी-३०४:* ऑइल, ऑइल फिल्टर: बदलणे. एअर फिल्टर: साफ करणे, ४० हजारला बदलणे. केबिन फिल्टर बदलणे. ब्रेक, सस्पेन्शन, बेल्ट तपासणे. थ्रॉटल, डीकार्बनायझिंग कुठेच नाही.

*ए-१०२:* नसणारच. सव्वा वर्षाच्या गाडीत कसला कार्बन काढताय? गाडी गचके देत असेल, आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) खालीवर होत असेल तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला हवा सोडणारी झडप, बघावी. एसीतून वास येत असेल तर डिसइन्फेक्टंट. तक्रार नसताना ही तीन कामं म्हणजे साडेतीन हजार रुपये. फोनवरच सांगा, शेड्यूलमध्ये आहे तेवढंच करा. त्यावरून वॉरंटीला कोणी बोट लावू शकत नाही, कारण शेड्यूल कंपनीनेच छापलंय.

एअर फिल्टर मात्र काढून बघा. कुंभमेळ्याच्या कामांनी शहरभर रस्ते खोदलेत, धूळ किती खातोय आपण. पुस्तकातच तळटीप असते की धुळीत चालणाऱ्या गाडीला लवकर बदला. उजेडासमोर धरा. घड्यांतून उजेड दिसला तर झटकून परत बसवा, नाहीतर ४५० रुपये द्या.

*बी-२०३:* काकांनी लाखमोलाचं सांगितलं. आता हिशोब बघा. ती तीन कामं काढली की १०,६०० चे ७,१०० होतात. अलाइनमेंट-बॅलन्सिंग गॅरेजवाला करत नाही, ते टायरवाल्याकडे वेगळं करावं लागेल, म्हणून तेही बाजूला ठेवा. उरले सहा हजार. समोर साडेचार. खरा फरक दीड हजारांचा आहे. आपण मात्र सहा हजारांच्या फरकावर भांडतोय.

*बी-५०१:* मग दीड हजारांसाठी कशाला बाहेर? मी तेच म्हणत होतो.

*बी-२०३:* दादा, या गाडीपुरतं माझंही मत तेच आहे, पण भीतीपोटी नाही. ताई, तुम्ही एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलीये का?

*सी-३०४:* हो, घेतानाच. पाचव्या वर्षापर्यंत.

*बी-२०३:* मग तिथेच करा. कंपनीची मूळ वॉरंटी वेगळी आणि पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी वेगळी. वाढीव म्हणजे स्वतंत्र करार. त्यात बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं की प्रत्येक सर्व्हिसिंग ठरल्या वेळेत, अधिकृत वर्कशॉपमध्येच. त्या कागदावर तुमची सही आहे. त्यावर भांडता येतं, पण दीड हजार वाचवायला ग्राहक आयोगात तारखा कोणी घ्यायच्या? एक्स्टेंडेड नसती तर मी म्हटलं असतं, खुशाल पाथर्डी फाट्यावर जा.

फक्त पक्कं बिल घ्या. अशा प्रकरणात माणूस हरतो तो कच्च्या चिठ्ठीवर. बिलावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, ऑइलचा ब्रँड आणि ग्रेड, फिल्टरचा पार्ट नंबर हवा. मीटरचा आणि कॅनचा फोटो काढून ठेवा. गॅरेजवाल्याचा जीएसटी नंबर नसेल तर पार्ट स्वतः दुकानातून घ्या, त्याचं बिल तुमच्या नावावर येईल आणि मजुरीची सही केलेली पावती वेगळी. हे मागताना त्याला वाईट वाटू देऊ नका. उद्या कोणी त्याच्या कामावर ठपका ठेवला तर हाच कागद त्यालाही वाचवणार आहे. चांगले मिस्त्री टिकले पाहिजेत हो. ते गेले तर वॉरंटी संपल्यावर आपण सगळे एकाच काउंटरसमोर उभे राहू.

*बी-५०१:* हे मात्र मान्य.

*डी-२०२:* मी हेडलाइटला एलईडी आणि मोठा हॉर्न बाहेरून लावलाय. त्याचं काय? 😬

*ए-१०२:* वायर कापून जोडलीये का कपलरने, म्हणजे न कापता प्लगसारखी खोचून?

*डी-२०२:* कापून. टेप लावलीये.

*ए-१०२:* अरे बाळा. ऑइल बाहेर बदलण्यापेक्षा हे कितीतरी वाईट. मूळ वायर कापली की इलेक्ट्रिकलची कुठलीही तक्रार नेलीस तरी वर्कशॉपवाला पहिला फोटो त्या टेपचा काढणार. आणि तिथे त्याचं चूक नाही. शॉर्ट झालं तर गाडी पेटते. उद्याच सोडव, रिले आणि कपलरची हार्नेस (तयार वायरिंगचा संच) लाव.

*ए-४०१:* मला एक सांगा, ब्रेक पॅड, क्लच प्लेट वॉरंटीत येतात का? लोक त्यासाठी भांडतात.

*बी-२०३:* नाही काका. झिजणाऱ्या वस्तू बाहेर असतात: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, फिल्टर. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्यांच्या कंपन्यांची. म्हणून ही कामं बाहेर करायला हरकत नाही, फक्त पार्ट ओरिजिनल किंवा नावाजलेल्या कंपनीचा घ्या. आणि सुट्या भागांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झालाय, तेही बिलावर बघत जा.

वॉरंटीचा कालावधीही सगळ्यांनी आपापल्या बुकात वाचा. मारुतीने जुलै २०२४ मध्ये तो २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख केला. आधीच्या गाडीला जुनाच नियम. आणि दोन्हींपैकी जे आधी संपेल ते.

*ए-३०१:* समजा सगळे कागद आहेत तरी वॉरंटी नाकारली तर?

*बी-२०३:* पहिलं काम, जॉब कार्डवर (गाडी घेताना वर्कशॉप कामं लिहितं तो कागद) कारण लिहून घ्यायचं. तोंडी नकार घेऊन परत यायचं नाही. मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे बरीच प्रकरणं मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीकडे जाते. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, त्यामुळे कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, नाशिकला करा. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. लोक "बघू, बघू" करत ती घालवतात आणि मग माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

*सी-३०४:* ठरलं. शनिवारी वर्कशॉपला, शेड्यूलमधली कामं आणि अलाइनमेंट, ७,१०० ला तयार झाले. पुढे ब्रेक पॅड वगैरे आले की गॅरेजवाल्याकडे. काका, ताई, खूप आभार 🙏

*ए-१०२:* घेऊन येताना डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, स्वतः काढून बघ. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं, वरच्या खुणेच्या पुढे नको. आणि त्यांच्याकडे चेसिस नंबरवर एखादा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) किंवा सॉफ्टवेअर अपडेट आहे का विचार. रिकॉलचं काम वॉरंटी संपली तरी फुकट असतं आणि ते बाहेर कोणी करू शकत नाही.

*डी-१०५:* माझी इलेक्ट्रिक आहे. तिला तर ऑइलच नाही. मग बाहेर चालेल ना?

*ए-१०२:* टायर, ब्रेक, सस्पेन्शन, वायपर खुशाल. नारिंगी रंगाच्या केबल दिसतील, त्यांना मात्र बाहेर कोणाला हात लावू देऊ नका. शेकडो व्होल्ट असतात, जिवाचा प्रश्न आहे.

*बी-२०३:* आणि बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच. तुमच्या बुकात बॅटरीच्या पानावर अटी वेगळ्या असतील, त्या पानाचा फोटो मला पर्सनलवर टाका, वाचून सांगते.

*डी-१०५:* टाकला ताई.