मंडपात, देवळात, पालखीपुढे : कोणता रेकॉर्डर, कुठे आणि कसा? (अनुभव धागा)

गणपती जवळ आले की हा प्रश्न हमखास येतो: भजन, दशावतार, जाखडी, शिमग्याचे ढोल हे सगळं नीट ध्वनिमुद्रित करायचं तर कुठला छोटा रेकॉर्डर घ्यावा? मोबाइल पुरत नाही, कारण तो आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो. झांज वाजली की बुवांचा आवाज दबतो, झांज थांबली की मागचे पंखे आणि रातकिडे उसळून वर येतात. रेकॉर्डर घेतला तरी त्यातली ऑटो लेव्हल बंद केली नाही तर हाच त्रास कायम राहतो.

जे नियमित रेकॉर्डिंग करतात त्यांनी इथे लिहावं. किमती नकोत, त्या बदलत राहतात. काय वापरता, कुठे ठेवता, पातळी किती ठेवता, काय बिघडतं आणि का, एवढं आकड्यांसह सांगा.

कुडाळहून, डबलबारी

डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळींच्या सामन्यात, यंत्राची परीक्षा झांज घेते. पेटी आणि गळा सावकाश चढतात. झांजेचा ठोका क्षणात चढतो, आणि साध्या रेकॉर्डरचा लिमिटर (फार उंच आवाज आपोआप दाबणारी सोय) जागा होईपर्यंत त्याचं टोक कापलं गेलेलं असतं. त्यामुळे लिमिटरच्या भरवशावर राहू नका, वर मोकळी जागा सोडा. गजर पूर्ण रंगात असताना सर्वांत उंच ठोका काट्यावर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे (शून्य ही वरची हद्द, तिथे आवाज कापला जातो). नमन चालू असताना पातळी ठरवली तर गजरात ती हमखास कमी पडते. नमनाला काटा उणे २४ च्या जवळ असेल तर पुढचं सगळं मावतं. २४-बिटमध्ये (आवाज अधिक बारकाईने साठवणाऱ्या सेटिंगमध्ये) एवढं खाली मुद्रण केलं तरी खरखर वाढत नाही. १६-बिट निवडायचं आता काहीच कारण नाही.

जागा: दोन्ही मंडळी आळीपाळीने गातात, म्हणून स्टँड दोघांच्या मधोमध, रंगमंचाच्या कडेपासून दीड-दोन मीटर पुढे आणि बसलेल्यांच्या डोक्यावर येईल इतका उंच. माइक पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडासमोर आला तर नुसती घुमघुम येते. तो पखवाजाच्या दोन्ही तोंडांपासून सारख्या अंतरावर येईल असा वळवा. लो-कट (खालचे घुमणारे सूर कापणारा फिल्टर) लावलाच तर ८० हर्ट्झ पुरे. १२० च्या वर गेलात की तो 'धुम' पातळ होतो.

यंत्र म्हणाल तर एकट्याने जाणाऱ्याला टास्कॅम डीआर-०७एक्स किंवा झूम एच-१एन पुरतो. दोन्हींचे माइक दिशा धरणारे आहेत, त्यामुळे मागच्या बाजूची कुजबुज कमी येते.

देवगडहून

कुडाळच्या भाऊंशी जागेबाबत सहमत, पातळीबाबत थोडं वेगळं म्हणणं आहे. २०२४ पासून झूमची एसेन्शियल मालिका मिळते, एच-१, एच-४ आणि एच-६. तिन्ही ३२-बिट फ्लोटमध्ये मुद्रण करतात. पातळी लावायचं कामच उरत नाही. गजर शून्याच्या वर गेलेला दिसला तरी नंतर संगणकावर खाली आणता येतो आणि लाटेचा आकार शाबूत असतो. रेकॉर्डिंग करणारा स्वतः टाळ घेऊन बसलेला असतो, त्याला काट्याकडे बघायला वेळ नसतो. त्याच्यासाठी हे मोठं सुख आहे.

पण याच्या मर्यादा आधी समजून घ्या. फ्लोट फक्त आकड्यांच्या बाजूने वाचवतो. माइकचा पडदाच फाटल्यासारखा वाजू लागला तर तिथे फ्लोटचा इलाज नाही. एच-१ एसेन्शियलच्या माइकची मर्यादा १२० डेसिबल, एच-४ एसेन्शियलची १३० (हे काट्यावरचे नाहीत, हवेतल्या आवाजाचे डेसिबल). मुख्य स्पीकरच्या तोंडाशी ठेवलं तर फ्लोट असूनही आवाज फाटेल. दुसरं म्हणजे फाइल मोठी होते: ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार नमुने) स्टिरिओ २४-बिट तासाला साधारण १.०४ जीबी, ३२-बिट फ्लोट १.३८ जीबी. तिसरं, ती फाइल तशीच कुणाला पाठवू नका. आधी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सर्वांत उंच टोक उणे १ डेसिबलवर आणा, मग २४ किंवा १६-बिटमध्ये निर्यात करा. नाहीतर शून्याच्या वरचा भाग ऐकणाऱ्याकडे कापलेलाच वाजतो.

चिपळूणहून, शिमगा

१२० डेसिबलचा मुद्दा पालखीपुढे फार महत्त्वाचा. ढोल-ताशाच्या अगदी जवळ ती मर्यादा ओलांडली जाऊ शकते. झूम एच-५ आणि एच-४एन प्रो यांचे एक्स-वाय माइक (एकमेकांशी तिरपी बसवलेली जोडी) १४० डेसिबलपर्यंत झेलतात, म्हणून ढोलाशेजारी चालायचं असेल तर ते घ्या. छोटं यंत्र असेल तर अंतर वाढवा. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की पातळी ६ डेसिबलने उतरते. २ मीटरवरून ८ मीटरवर गेलात तर १२ डेसिबल कमी, आणि ताशाची करकर ढोलात नीट मिसळते ती वेगळीच.

चालताना रेकॉर्डर हातात धरू नका, बोटांचा प्रत्येक घसारा मुद्रित होतो. खालच्या पाव इंची आट्यांत छोटा तिपाई स्टँड बसवा, त्याचे पाय मिटून मुठीसारखा धरा. रेकॉर्डिंग सुरू झालं की होल्डचं बटण सरकवायला विसरू नका. गर्दीत एक धक्का पुरतो, रेकॉर्डिंग बंद पडतं आणि कुणाला कळतही नाही.

सावंतवाडीहून, दशावतार

जत्रेतला दशावतार रात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, म्हणून निवड करताना आवाजाइतकाच बॅटरी आणि कार्डाचा विचार करा. सात तासांना २४-बिट, ४८ किलोहर्ट्झने सव्वासात जीबी लागतात, ३२ जीबीचं कार्ड निवांत पुरतं. ९६ किलोहर्ट्झ लावून जागा दुप्पट खर्च करू नका, दशावताराच्या कामात तो फरक कुणाच्या कानाला येत नाही. कार्ड ओळखीच्या दुकानातून घ्या, बनावट कार्डं खूप फिरतात. फॉरमॅट रेकॉर्डरमध्येच करा, संगणकावर नको. बऱ्याच यंत्रांत २ जीबी झाली की नवी फाइल सुरू होते. २४-बिटमध्ये ते दोन तास चार मिनिटांच्या सुमारास घडतं. रेकॉर्डिंग तुटलं असं समजून बटण दाबू नका.

बॅटरी: टास्कॅम डीआर-०५एक्सला दोन डबल-ए सेल, एच-१एनला दोन ट्रिपल-ए. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, म्हणून मेनूत निकेल-मेटल-हायड्राइड हा प्रकार निवडा. अल्कलाइन ठेवलं तर यंत्र लवकरच 'बॅटरी संपली' सांगू लागतं. पॉवर बँक लावत असाल तर घरी रात्रभर चालवून बघा. छोटा रेकॉर्डर इतकी कमी वीज ओढतो की काही पॉवर बँका काम नाही असं समजून आपणहून बंद होतात.

आता मुख्य अडचण. नट रंगमंचभर फिरतो, मध्येच बाकड्यावर बसून बोलतो, आणि संवाद उत्स्फूर्त असतात. एक शब्द हुकला की तो पुन्हा मिळत नाही. समोरच्या एकाच रेकॉर्डरमध्ये पेटी-पखवाज सुंदर येतो, पण मागे गेलेल्या नटाचं बोलणं विरतं. मिक्सरमधून नुसती वायर घेतली तर बोलणं स्वच्छ, पण पखवाज दुबळा आणि प्रेक्षकांची दाद गायब. म्हणून दशावतारासाठी चार ट्रॅकचंच यंत्र घ्या: डीआर-४०एक्स, एच-४एन प्रो किंवा एच-४ एसेन्शियल. दोन ट्रॅक स्वतःच्या माइकचे, दोन मिक्सरचे.

नंतर जुळवताना लक्षात ठेवा, आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. रेकॉर्डर स्पीकरपासून १७ मीटरवर असेल तर माइकचा ट्रॅक ५० मिलिसेकंद मागे पडतो आणि दोन्ही एकत्र वाजवले की आवाज दुहेरी ऐकू येतो. नाटक सुरू होण्याआधी रंगमंचावरच्या माइकसमोर एक टाळी वाजवायला सांगा. संगणकावर दोन्ही ट्रॅकमधली ती टाळी एकावर एक आणली की झालं. दोन वेगळी यंत्रं वापरली तर हे एवढ्याने भागत नाही, कारण त्यांची घड्याळं सारखी चालत नाहीत. दहा लाखांत दहाचा फरक असला तरी तासाला ३६ मिलिसेकंद सरकतात. अशा वेळी दर तासाने फाइल कापून पुन्हा जुळवावी लागते.

वेंगुर्ल्याहून, मिक्सरची वायर

वरच्या दादांनी मिक्सरची वायर म्हटलं, पण सगळ्यांत जास्त रेकॉर्डिंग तिथेच वाया जातात. क्रमाने सांगते.

शक्यतो मिक्सरचं 'रेक आउट' किंवा 'टेप आउट' मागा: दोन आरसीए पिना, आपल्या बाजूला साडेतीन मिलिमीटरचा स्टिरिओ जॅक. रेकॉर्डरचं इनपुट 'लाइन'वर ठेवा आणि प्लग-इन पॉवर (रेकॉर्डरकडून माइकला जाणारी वीज) बंद करा. लाइनचा आवाज माइकच्या इनपुटमध्ये घातला तर पातळी शून्यावर आणूनही तो फाटलेलाच येतो, कारण फाटणं पातळीच्या बटणाच्या आधीच झालेलं असतं.

'ऑक्स आउट' (मिक्सरचं जादा आउटपुट) मिळालं तर ते बहुधा बॅलन्स्ड मोनो असतं, म्हणजे एकच आवाज दोन तारांत, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. तीन पट्ट्यांच्या जॅकची सरळ वायर रेकॉर्डरच्या स्टिरिओ इनपुटला लावली की डाव्या कानात आवाज सुलटा, उजव्यात तोच उलटा जातो. हेडफोनवर फक्त विचित्र रुंद वाटतो, म्हणून तिथे शंका येत नाही. घरी मोबाइलच्या एका स्पीकरवर वाजवला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाणं जवळजवळ नाहीसं होतं. उपाय सोपा आहे: मिक्सरकडे दोन पट्ट्यांचा मोनो जॅक लावा. असं आधीच मुद्रित झालेलं असेल तर उजवा ट्रॅक टाकून द्या आणि डावा दोन्हीकडे घ्या, काहीही हरवत नाही.

जनरेटर असेल तर ५० हर्ट्झची घूं येते. रेकॉर्डर चार्जरवर न ठेवता बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच जाते. तरी राहिली तर वायरीच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधला थेट विद्युत जोड तोडणारा) लावा. आणि साउंडवाल्या दादांना कार्यक्रम सुरू व्हायच्या तासभर आधी भेटा. ऐन नांदीच्या वेळी वायर मागितली तर कुणीही देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

गुहागरहून, जाखडी

जाखडी नाचात गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात आणि नाचणारे भोवती फिरतात. समोरून मुद्रण केलं की घुंगरं पुढे आणि शब्द मागे. स्टँड जमिनीवर असेल तर पायांचा दणका थेट त्यातून चढतो. मंडपाच्या आडव्या बांबूला क्लॅम्प लावून, मध्ये जाड स्पंज घालून, रेकॉर्डर गाणाऱ्यांच्या बरोबर वर सव्वादोन-अडीच मीटरवर उलटा टांगा. टास्कॅम डीआर-०५एक्स इथे उत्तम, त्याचे माइक चहूकडचं घेतात. वर पत्रा असेल तर टांगण्याआधी पंख्याचा झोत कुठे येतो ते पाहा.

राजापूरहून

घरगुती आरत्यांना यातलं काही नको. छोट्या खोलीत टाळांचा कहर होतो, म्हणून रेकॉर्डर देवासमोर न ठेवता ओटीकडच्या दाराच्या चौकटीजवळ, डोक्याच्या वर ठेवा. पातळी 'सुखकर्ता'ला न लावता शेवटच्या 'घालीन लोटांगण'चा अंदाज घेऊन लावा.

मालवणहून, वारा आणि खारी हवा

'आदी बुवांक इचारा, मगे रेकॉर्डर लावा' हे पहिलं. कायद्यानेही कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा हक्क असतो.

किनाऱ्यालगतच्या देवळात सोबत मिळणारा स्पंजचा टोप वाऱ्याला पुरत नाही. केसाळ कव्हरच लागतं. लो-कटने वारा जातो असं पुष्कळजण समजतात, पण वारा आधी माइकच्या पडद्याला ढकलतो आणि फिल्टर त्याच्यानंतर येतो. तेव्हा आधी कव्हर, मग फिल्टर. चहूकडचं घेणारे माइक दिशा धरणाऱ्यांपेक्षा वाऱ्याला कमी बिचकतात, हा डीआर-०५एक्सचा इथला मोठा फायदा. त्याचा तोटा असा की समुद्राची गाजही तो तितकीच घेतो.

दमट हवेत माइक मधूनच तडतडतो. यंत्र बिघडलं असं वाटतं, प्रत्यक्षात ओल धरलेली असते. हवाबंद डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसोबत एक-दोन दिवस ठेवलं की बहुधा थांबतं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. एसी गाडीतून उतरल्यावर रेकॉर्डर पिशवीतच ठेवा, बाहेरच्या हवेइतका कोमट झाला की मगच काढा. काम झालं की सेल काढून ठेवा. खाऱ्या हवेत स्प्रिंगवर हिरवट थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. सेल फार दिवस बाहेर राहिले तर तारीख-वेळ पुसली जाते, म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गाव, देऊळ, मंडळ आणि तारीख तोंडाने बोला.

लांज्याहून, फाइल उघडत नसेल तर

रेकॉर्डिंग चालू असताना सेल संपला किंवा कार्ड ओढलं गेलं की फाइल शून्य सेकंदांची दिसते. फाइलच्या सुरुवातीची तांत्रिक नोंद (हेडर) लिहायची राहिलेली असते, आवाज बहुधा कार्डावर असतोच. त्या कार्डावर पुढे काहीही मुद्रित करू नका आणि फॉरमॅटही करू नका. रेकॉर्डरमध्ये पुन्हा घालून पाहा, काही यंत्रं फाइल स्वतःच दुरुस्त करतात. नाही झाली तर फाइलची प्रत संगणकावर घ्या, ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट'मधून 'रॉ डेटा' निवडा आणि साइन्ड २४-बिट पीसीएम, लिटल-एंडियन, २ चॅनेल, ४८००० हर्ट्झ असं भरा. नुसती खरखर आली तर सुरुवातीचा ऑफसेट १ किंवा २ बाइटने सरकवून पुन्हा आणा. २४-बिटमध्ये प्रत्येक नमुना ३ बाइटचा असतो, तेव्हा या तीनपैकी एका जागी आवाज सापडतो. डावा-उजवा अदलाबदल झाला असेल तर ३ बाइट आणखी सरकवा.