बाबांची जुनी बुलेट चॉपर करावी का?

गिरगावकर: बाबांची १९७८ची बुलेट ३५० आठ वर्षं चाळीच्या जिन्याखाली उभी होती. गणपतीनंतर बाहेर काढली. टाकीचं झाकण उघडलं तर आत गंजाचे पापुद्रे आणि शिळ्या पेट्रोलचा उग्र वास. किक मात्र खाली जाते. चॉपर म्हणजे लांब फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे), उंच हँडल, एकच सीट असं डोक्यात आहे. सुरुवात कुठून करू?

कुर्ल्याचा फिटर: आधी इंजिन. किक मारत बसू नकोस रे. प्लग काढ, सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोड, रात्रभर ठेव, मग हळूहळू फिरव. टाकीत मूठभर नट आणि रॉकेल घालून खळखळव, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धू आणि लगेच वाळव. आपल्या हवेत तासाभरात पुन्हा गंज धरतो. प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या पॉइंटची फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांचं माप) बघ, ०.३८ मिमीच्या आसपास.

परळची ताई: फ्रेम कापू नकोस, कळकळीने सांगते. गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, शिवाय २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल नको म्हटलंय. फोर्क लांबवला की कमी वेगात पुढचं चाक एका बाजूला पडायला बघतं. दादरच्या गर्दीत हात भरून येतील. सीट नटबोल्टवर बदल, जुनी जपून ठेव.

गिरगावकर: पटलं ताई, फ्रेमला हात लावत नाही. गियर उजवीकडे, पहिला वर. बाबांच्या उजव्या बुटाचं टोक त्यानेच झिजलेलं असायचं. तो लिव्हर आज ब्रासोने घासला. प्लग उद्या काढतो.