पार्टनर जर्मन, मी पुण्याची, दोघी मुली. भारतात एकत्र राहायला व्हिसाचा काही मार्ग आहे का?

कोथरूडची_सई:
नमस्कार, वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच. मी आणि माझी पार्टनर पाच वर्षं एकत्र आहोत, म्हणजे जितकं राहू देतात तितकं. ती ई-टुरिस्ट व्हिसावर येते, सलग ९० दिवस झाले की निघायचं. ती गेली की आई तिच्या घरातल्या चपला पुसून पिशवीत घालून रॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवते, मागच्या खेपेला निघायच्या आदल्या रात्रीच ती पिशवी बाहेर काढलेली दिसली आणि आम्हाला दोघींना रडूच आलं. आई ७१ ची, बाबा नाहीत, तिला सोडून मी कायमची जाऊ शकत नाही. ऑफिसमधल्या एकाची बायको जर्मनच आहे, तिला लग्नाच्या कागदावर एन्ट्री व्हिसा मिळाला, आता ओसीआयपण (परदेशी नागरिकाला भारतात कायम राहता येतं ते कार्ड) होईल. आम्ही जर्मनीत लग्न करून आलो तर इथे चालेल का?

वकील_नाशिक:
सई, सरळ सांगते, आज तरी लग्नाच्या जोरावर नाही. सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाचा, निकाल आला, आपल्या माणसांवरचा गुन्ह्याचा शिक्का गेला, पण लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने नाकारला आणि फेरविचार याचिकापण जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. ओसीआयचं मात्र जरा वेगळं आहे. नागरिकत्व कायद्यात तिथे 'स्पाऊस' एवढाच शब्द आहे, नवरा की बायको असं काही लिहिलेलं नाही, फक्त लग्न रजिस्टर झालेलं आणि दोन वर्षं टिकलेलं हवं. याच शब्दावर बोट ठेवून न्यूयॉर्कला लग्न केलेलं एक जोडपं २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेलं. म्हणून लग्न केलंत तर तो कागद जपा. आणि एक दिवसपण ओव्हरस्टे होऊ देऊ नका, पुढचा व्हिसा अडकतो. तिला इथे नोकरी मिळाली तर एम्प्लॉयमेंट व्हिसा होतो, पगाराची किमान अट मोठी आहे, पण पुणे-चाकणला जर्मन कंपन्या कितीतरी आहेत, तिथे बघा.

स्टुटगार्टचा_सांगलीकर:
आम्ही दोघं मुलगे, नवरा जर्मन. तिकडे ऑक्टोबर २०१७ पासून लग्नाला आडकाठी नाही, पण कागद! जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, आणि वर त्यांची पडताळणी, त्यासाठी माणूस थेट गावी येतो. माझ्या वेळी तो शेजारच्या काकूंना विचारून गेला की हा लग्न कोणाशी करतोय. घरी तोवर मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आईला शेजारून कळलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. हे आधीच लिहितोय कारण कोणीच सांगत नाही. बरेच जण डेन्मार्कला जाऊन लग्न करतात, तिथे कागद कमी लागतात. तरी जर्मनीचा फॅमिली व्हिसा भारतातूनच काढावा लागतो आणि ए१ ची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीची, परीक्षा हवी, पुण्यात मॅक्स म्युलर भवनला होते.

जर्सीतला_काका:
मुली, हे आम्ही अमेरिकेतपण भोगलंय. माझा पार्टनर इथला नागरिक, मी एच-१बी वर, म्हणजे मुदतीच्या नोकरीच्या व्हिसावर. २०११ ला न्यूयॉर्कमध्ये लग्न केलं पण इमिग्रेशनसाठी आम्ही एकमेकांचे कोणीच नव्हतो, १९९६ च्या फेडरल कायद्यात लग्न म्हणजे एक पुरुष एक बाई. ओळखीतली दोन जोडपी कॅनडाला गेली, नागरिक असलेल्या माणसाला पार्टनरसाठी स्वतःचा देश सोडावा लागला. मग एडिथ विंडसर या म्हातारीने, बायको वारल्यावर याच कायद्यामुळे भराव्या लागलेल्या ३,६३,०५३ डॉलरच्या वारसा करासाठी सरकारला कोर्टात खेचलं, २६ जून २०१३ ला ती जिंकली, कायद्यातली ती व्याख्याच रद्द झाली आणि दोन दिवसांत फ्लोरिडातल्या एका जोडप्याचा ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर झाला. माझे व्हिसाचे सात महिने उरले होते, किचनमध्ये उभ्याउभ्या बातमी ऐकली, दूध उतू गेलं तरी हललो नाही. केस कराची होती बघ, सुटलो आम्ही.

कोथरूडची_सई:
सगळ्यांचे खूप खूप आभार. सांगलीकर दादा, गावातल्या चौकशीचं बरं झालं सांगितलंत, आमच्या सोसायटीत मीच आधी सांगून टाकीन. आईला सगळं वाचून दाखवलं. तिला ओसीआय वगैरे फार कळलं नाही, म्हणाली चाकणला नोकरी लागली तर तिला रोज डबा द्यावा लागेल, भाकरी चालते का विचार. सीव्ही आजच मागवलाय.