१२० जणांवर ‘जनुक × बालपणीचा छळ’ तपासता येईल का?

प्रश्न: प्रबंधवाली
एमएस्सीचा आराखडा असा आहे: १८ ते २२ वयाचे १२० विद्यार्थी, बालपणीच्या छळाबद्दलची २८ प्रश्नांची सीटीक्यू ही प्रश्नावली, गालाच्या स्वॅबवरून सेरोटोनिन वाहक जनुकाचा आखूड की लांब प्रकार, आणि ट्रिअर चाचणीनंतर (परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणित करायला लावून ताण देणारी चाचणी) लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक. गृहीतक: आखूड प्रकार आणि छळ एकत्र आले की कॉर्टिसॉल जास्त. मार्गदर्शक म्हणतात जनुक बदला. कारण काय? आणि लाळेचे नमुने कधी घ्यायचे?

उत्तर: संख्याशास्त्री
मार्गदर्शकांचं बरोबर आहे. या जनुकाचा गाजावाजा २००३ मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिन अभ्यासातून झाला. तिथे ८४७ जण होते आणि मोजलं होतं नैराश्य, कॉर्टिसॉल नव्हे. २०१८ मध्ये ३८,००० हून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा तो भक्कम परिणाम टिकला नाही.

जनुक बदलूनही अडचण सुटत नाही. समजा जोखमीचा जनुकप्रकार २५ टक्क्यांत आणि जास्त छळ २५ टक्क्यांत आहे. दोन्ही असलेले १२० पैकी सात-आठच जण निघतील. त्यातले दोघे वेगळे वागले तरी निष्कर्ष उलटतो. सीटीक्यूच्या गुणांचे ‘जास्त-कमी’ असे दोन तुकडेही करू नका, त्याने खरा फरक पकडण्याची उरलीसुरली ताकद जाते. शिवाय लिंग, वय वगैरे घटक नुसते समीकरणात टाकून भागत नाही. प्रत्येकाचा जनुकाशी गुणाकार आणि छळाशी गुणाकार, दोन्ही घालावे लागतात. हे बहुतेक प्रबंधांत राहून जातं.

उत्तर: ग्रंथी_आणि_मेंदू
जैविक यंत्रणा नीट उलगडलेलं उदाहरण हवं असेल तर एफकेबीपी५ हे जनुक बघा. कॉर्टिसॉल पेशीतल्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, ग्राहक केंद्रकात जातो आणि हेच जनुक चालू करतो. त्यातून बनणारं प्रथिन ग्राहकाची कॉर्टिसॉल पकडण्याची क्षमता घटवतं. म्हणजे प्रथिन जास्त झालं की ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही आणि कॉर्टिसॉल उतरायला वेळ लागतो. या जनुकातल्या आरएस१३६०७८० या जागी डीएनएचं टी हे अक्षर असेल तर जनुक जास्त जोरात चालू होतं.

२००८ च्या अटलांटातल्या अभ्यासात या जनुकाचे प्रकार आणि बालपणीचा छळ मिळून प्रौढपणीच्या आघातोत्तर लक्षणांची तीव्रता ठरत होती. इतर आघातांशी मात्र तशी परस्परक्रिया दिसली नाही. २०१३ मध्ये त्याचा एक धागा सापडला: टी असलेल्या आणि लहानपणी छळ सोसलेल्यांत जनुकाच्या सातव्या इंट्रॉनमधले (प्रथिनाचा मजकूर नसलेल्या तुकड्यातले) मिथाइल गट, म्हणजे डीएनएवर चिकटणाऱ्या रासायनिक खुणा, कमी झालेले होते. प्रयोगशाळेत वाढणाऱ्या चेतापूर्व पेशींना (ज्यांच्यापासून पुढे चेतापेशी बनतात) कॉर्टिसॉलसारखं औषध दिल्यावरही ते गळले, आणि औषध काढल्यावर परतले नाहीत. छळ कोणत्या वयात झाला हे का महत्त्वाचं, याचा अंदाज यावरून येतो.

उत्तर: लाळनमुना
आधी गृहीतकाची दिशा तपासा. बालपणी ताण सोसलेल्यांत या चाचणीतली कॉर्टिसॉलची उसळी बऱ्याच अभ्यासांत बोथट दिसते, जास्त नव्हे.

चाचणी दुपारी २ ते ५ मध्येच घ्या, कारण सकाळी कॉर्टिसॉल मुळातच चढलेलं असतं. आल्यावर किमान अर्धा तास बसवा. तासभर आधीपासून खाणं, चहा-कॉफी बंद. हिरड्यांतून रक्त आलं तर नमुना बाद. पहिला नमुना चाचणीच्या लगेच आधी, मग संपल्यावर १, १०, २०, ३० आणि ४५ मिनिटांनी. शिखर साधारण १० ते २० मिनिटांत येतं, तिथे कंजूसपणा नको. नमुने उणे २० अंशांवर ठेवा आणि एका व्यक्तीचे सगळे नमुने तपासणीच्या एकाच प्लेटवर चालवा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवा, त्यांच्या लाळेतली उसळी दबलेली दिसते.

सीटीक्यू भरून झाल्यावर समुपदेशक हजर हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक संमतीपत्रावरच छापा, नीतिसमिती विचारेलच.

प्रश्न: प्रबंधवाली
मग जनुकप्रकाराऐवजी रक्तातलं मिथायलेशन (डीएनएवरच्या मिथाइल गटांचं प्रमाण) मोजलं तर?

उत्तर: ग्रंथी_आणि_मेंदू
मोजा, पण पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचं प्रमाण धरून दुरुस्ती करा. संसर्गानंतर ते प्रमाण बदलतं आणि मिथायलेशनचा आकडाही त्याच्यासोबत हलतो. तो मेंदूतला आकडा आहे असंही लिहू नका. १२० जणांत सीटीक्यूचे गुण आणि कॉर्टिसॉलचा आलेख एवढंच नीट करा. डीएनए जपून ठेवा आणि पुढे मोठ्या गटात मिळवता येईल अशी संमती आत्ताच घ्या.